बाहीतलं वायरिंग

रविवारी सकाळी डॉक्टर गॅरेजमध्ये उताणे पडले होते. पाय गाडीच्या सीटवर, डोकं पेडलांपाशी आणि तोंडात टॉर्च. रोज दुसऱ्यांच्या तोंडात उजेड पाडणाऱ्या दातांच्या डॉक्टरवर ही वेळ आली होती ती पेट्रोलच्या काट्यामुळे. डावा इंडिकेटर लावला की हा काटा त्याच्या तालावर उड्या मारायचा. टाकी भरलेली असो की तळाला गेलेली, डावीकडे वळायचं म्हटलं की काट्याला आनंदाचं भरतं येई. उजवीकडे वळताना मात्र तो चारचौघांसारखा गंभीर असे.

गाडी वडिलांची होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. वडील गेल्यावर घराच्या, कपाटांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या वाटण्या हसतखेळत झाल्या, पण गाडीवरून डॉक्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ असे हटून बसले की मोठ्या बहिणीला मध्ये पडावं लागलं. ताई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही तिने ते पद कधी सोडलं नव्हतं. तिने निकाल दिला. गाडी एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. ज्याच्याकडे गाडी, त्याने ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची; मेकॅनिक बोलावला तर ती कॉपी. आणि गाडी सोपवायच्या दिवशी ताई स्वतः येऊन तपासणी करणार.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी गाडी सोपवली तेव्हा वायपर काचेच्या मधोमध सलाम ठोकून उभा राहिला होता. ताईने तेव्हाच सगळ्यांसमोर बजावलं होतं, “पुढच्या वेळी यातलं एक जरी बटण बंद दिसलं तर वाटा विसर. गाडी कायमची धाकट्याकडे.” ताई बोललेला शब्द फिरवत नाही हे दोन्ही भावांना लहानपणापासून, अंगावर वळ उठून माहीत होतं. ती आज दुपारी चहाच्या वेळी यायची होती. डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. दिवसभर आ वासलेली तोंडं बघितल्यावर संध्याकाळी या गाडीतून एक लांबची चक्कर मारली की ते पुन्हा माणसात येत. गाडी गेली तर आपलं काय होईल हा विचारही त्यांना करवत नव्हता.

“अहो, कळतंय का काही?” बायकोने गॅरेजच्या दारातून विचारलं.

“अं अं अं.”

“टॉर्च काढा आधी. पेशंटलाही तुम्ही हेच करता. तोंडात सगळं कोंबायचं आणि मग विचारायचं, मुलं काय करतात.”

डॉक्टरांनी टॉर्च काढला. “सापडलं! अर्थची वायर गंजलीय. विजेला परत जायला वाट नाही, म्हणून इंडिकेटरची वीज काट्याच्या घरात घुसून तिकडून बाहेर पडतेय.”

“मग वाट मोकळी करा आणि अंघोळीला या.”

डॉक्टरांनी वायरीचं टोक पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला आणि डावा इंडिकेटर लावला. काटा जागचा हलला नाही. दुसरा चहाही झाला नव्हता आणि काम फत्ते झालं होतं. डॉक्टर इथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एका दातासाठी आलेल्या माणसाचे बाकीचे दात न बघता त्याला घरी पाठवायचं, हे त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी पुन्हा टॉर्च मारला तर डॅशबोर्डमागे ओळीने जोडलेल्या सातही वायरींच्या टोकांवर हिरवट कीट दिसली. सगळ्या एकदा काढून साफ कराव्यात असं त्यांनी ठरवलं.

अडचण एकच होती. वायरींचे रंग उडून सगळ्या एकजात तपकिरी झाल्या होत्या. खूण करायला हवी. डॉक्टर घरात आले तर आत्या विणता विणता खुर्चीत पेंगत होती. ही त्यांच्या वडिलांची बहीण. तिच्या पायाशी लोकरीची टोपली होती. डॉक्टरांनी चोरपावलांनी सात रंगांचे हातहातभर तुकडे कापले आणि गॅरेजमध्ये येऊन एकेका वायरीला बांधले. हॉर्न लाल, वायपर पिवळा, पंखा निळा, डायलमधला दिवा पांढरा, धुक्याचा दिवा करडा, हेडलाइट हिरवा, ब्रेकचा दिवा काळा. मग बॅटरी सोडून सगळ्या वायरी उपटल्या आणि टोकं चांदीसारखी लख्ख केली. तेवढ्यात फोन आला. एका पेशंटच्या दाताची टोपी निसटून चहाच्या कपात पडली होती. डॉक्टर हात पुसून दवाखान्यात गेले.

परत आले तेव्हा वायरी होत्या, पण लोकर नव्हती. सातही वायरी उघड्याबोडक्या, सारख्याच तपकिरी, खाली लोंबत होत्या.

“आत्या,” डॉक्टर धापा टाकत घरात आले, “गाडीत वायरींना लोकर बांधली होती...”

“बांधली होती ना. माझी होती ती.”

“ती गेली कुठे?”

“जाते कुठे? घरी आली. वायरींना मफलर घालायला मी लोकर आणत नाही.”

“अगं, पण ती खूण होती!”

“मग खडूने करायची. माझ्या टोपलीत न विचारता हात घातलास तो घातलास, वर लोकर कापलीस. सोडून घेताना एकेका गाठीला किती वेळ लागला मला. तुझे टाके तरी लवकर विरघळतात.”

आत्याने सातही तुकडे एकाला एक जोडून त्यांचा गोळा केला होता आणि आता त्यातूनच बाहीचं मनगट विणून काढलं होतं. तिने ते कौतुकाने उंच धरलं. सात रंगांचे बारीक बारीक पट्टे एकावर एक बसले होते. डॉक्टर खुर्चीत कोसळले. आता एकेक वायर लावून बघायची म्हणजे रात्र होणार, आणि ताई तर चहाला येणार. अचानक ते ताठ झाले.

“आत्या, लोकर सोडलीस ती कुठल्या बाजूने?”

“डावीकडून. वाचतो तशी.”

“ओळीने? मधली एखादी आधी सोडलीस, असं काही नाही ना?”

“ओळीने सोडत गेले, गाठ मारत गेले, गुंडाळत गेले. मला काय वेड लागलंय का इकडची तिकडची सोडायला?”

“म्हणजे वायरींचा क्रम या बाहीत आहे!” डॉक्टरांनी बाहीला हात घातला.

आत्याने ती मागे ओढली. “सुया निघतील. मी येते घेऊन.”

अशा रीतीने आत्या गाडीत डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर बसली. मांडीवर टोपली, हातात सुयांसकट बाही. डॉक्टर पुन्हा खाली गेले.

“विणायला खालून सुरुवात केलीस ना? मग खालून सांग. पहिला?”

“काळा.”

काळा म्हणजे ब्रेकचा दिवा. सगळ्यात डावीकडची वायर लालवाली होती असं डॉक्टरांना पुसटसं आठवत होतं. पण बाही तर डोळ्यांसमोर होती, आणि विणलेल्या पुराव्यापुढे नुसत्या आठवणीचं काय चालणार! त्यांनी डावीकडची पहिली वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली.

“पुढचा?”

“हिरवा. हा रंग धाकट्याला खुलतो. स्वेटर त्याच्यासाठीच आहे.”

“त्याच्यासाठी? मग मला नको तो रंग.”

“तुला मागितला कोणी? पुढचा करडा.”

सगळ्या वायरी जोडून झाल्या. डॉक्टरांनी डॅशबोर्डची लाकडी फळी बसवली, सगळे स्क्रू घट्ट आवळले, बॅटरी जोडली आणि दिग्विजय करून आल्यासारखं बायकोला हाक मारली. ती आल्यावर त्यांनी वायपरचं बटण ओढलं. गाडीचे दोन्ही हेडलाइट लागले.

“छान उजेड आहे,” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी हेडलाइटचं बटण ओढलं. वायपर काचेवर फिरू लागले. धुक्याच्या दिव्याचं बटण ओढल्यावर पंखा सुरू झाला आणि आत्याने पदर सावरला. पंख्याचं बटण ओढल्यावर धुक्याचा दिवा लागला. फक्त डायलमधला दिवा, जो बरोबर मधोमध होता, तो आपल्याच बटणाने लागला.

“बाही चुकली!” डॉक्टर ओरडले.

“माझी बाही चुकत नाही,” आत्या म्हणाली.

बायकोने बाही बघितली, बटणं बघितली आणि कपाळाला हात लावला. “अहो, गोळा गुंडाळताना पहिला तुकडा आत जातो. विणायला घेतलं की शेवटचा आधी हातात येतो. बाही वरून खाली वाचायची होती. तुम्ही सगळं उलटं जोडलंत.”

डॉक्टरांनी आत्याकडे बघितलं. “तू बोलली का नाहीस?”

“खालून सांग म्हणालास, खालून सांगितलं.”

फळी पुन्हा उघडून सगळं सोडवायला वेळ उरला नव्हता. डॉक्टर स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. समोर ती बटणं होती. प्रत्येक बटणाला एक गोल पांढरी टोपी, टोपीवर छोटंसं चित्र. डॉक्टरांनी एक टोपी चाचपली. ती फिरत होती. त्यांचे डोळे लकाकले, कारण टोप्या बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी वायपरची टोपी काढून हेडलाइटच्या बटणावर बसवली आणि हेडलाइटची वायपरच्या. पंख्याची आणि धुक्याच्या दिव्याचीही अदलाबदल केली. आता वायपरचं चित्र ओढलं की वायपर फिरत होते.

“मानलं तुम्हाला,” बायको म्हणाली. “पण उलटं जोडलंय म्हणजे सगळ्यात डावीकडचं सगळ्यात उजवीकडे गेलं असणार. दोन टोकांना काय होतं?”

“हॉर्न आणि ब्रेकचा दिवा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हॉर्नचं बटण दाबलं. आवाज आला नाही. मागच्या भिंतीवर तेवढा लाल उजेड पडला. त्यांनी पाय उचलला आणि भीतभीत ब्रेकवर ठेवला. पोंऽऽऽ असा हॉर्न गॅरेजभर घुमला, आणि त्याच क्षणी गाडीच्या नाकासमोर, गॅरेजच्या दारात, ताई टुणकन उडालेली दिसली. तिच्या मागे धाकटा उभा होता.

“मला हॉर्न मारतोस?” ताई म्हणाली.

“छे छे ताई, स्वागत केलं.”

“बरं. हॉर्न चालतोय म्हणजे. पुढचं दाखव.”

पायाला टोपी बसवता येत नाही, हे तर खरंच. पण डॉक्टरांच्या लक्षात आलं की ताईला हॉर्नचा आवाज हवा आहे आणि ब्रेकचा दिवा हवा आहे. ते कशाने आले हे तिला दिसत नाही. ताईने एकेका बटणाचं नाव घेतलं. वायपर फिरले, हेडलाइट लागले, पंखा घुमला. डावा इंडिकेटर लावल्यावर पेट्रोलचा काटा ढिम्म राहिला, तेव्हा धाकट्याच्या भुवया वर गेल्या. ताई गाडीच्या मागे गेली.

“ब्रेक दाब.”

डॉक्टरांनी हळूच हॉर्नचं बटण दाबलं.

“चालतोय,” ताई म्हणाली.

“दादा, हॉर्न परत एकदा वाजव ना,” धाकटा गाडीच्या दाराशी येऊन म्हणाला. त्याला दादाच्या चेहऱ्यावरचा घाम काही पटत नव्हता. डॉक्टरांनी हात बटणावर नेला आणि ब्रेकवर पाय दिला. हॉर्न वाजला. धाकटा मागे सरकला.

ताईने बॉनेटवर बोट फिरवून धूळ आहे का बघितलं. “सगळं चालू आहे. मला खरं वाटत नाहीये, पण आहे. आता एक चक्कर मारायची आणि मग निकाल.”

रस्त्यावर ब्रेक लावायलाच लागणार. “ताई, माझा हात... स्क्रू पिळून पिळून मनगट गेलंय.”

“मी चालवतो की,” धाकटा लगेच पुढे झाला. “नाहीतरी आजपासून माझ्याकडेच आहे.”

तो बसला की पहिल्याच ब्रेकला सगळं उघडं पडणार होतं. डॉक्टरांना काही सुचेना. धाकट्याला अडवायला म्हणून, निव्वळ घाबरून, ते बोलून गेले, “नको! तू कशाला? ताई चालवेल.”

ताईने डॉक्टरांकडे बघितलं.

“मी?”

“हो... म्हणजे, तू. का नाही?”

“एवढ्या वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं,” ताई म्हणाली. तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. “बाबांनी मला हिच्यावरच शिकवलं होतं. तुम्ही दोघं तेव्हा मागून धावत यायचात, मला बसू दे, मला बसू दे करत.”

डॉक्टरांना आतून लाज वाटली. दोघा भावांनी तिला वर्षानुवर्षं तपासायला बोलावलं, तिच्या शेऱ्यांना घाबरले, तिच्या माघारी तिच्या नकला केल्या. पण गाडीत बसतेस का, एवढं दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांनी खाली उतरून दार धरलं. आपलं मनगट दुखतंय हे ते विसरलेही होते.

ताई बसली. शेजारच्या सीटवर आत्या आधीपासून होतीच. “आत्या, तुम्ही उतरा आता,” डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं.

“मी कशाला उतरू? हिचा निकाल लावायचाय ना? मी साक्षीला येते.”

ताईने किल्ली फिरवली. गाडी अशी अलगद बाहेर गेली की दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही हाती ती सुरुवातीला नेहमी दोन धक्के द्यायची. फाटकाशी ताईने ब्रेक लावला आणि हॉर्न वाजला. ती चपापली. खाली पायाकडे बघून तिने पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा हॉर्न वाजला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. संपलं, गेली गाडी, आता ओरडा बसणार. ओरडा काही बसला नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर होती आणि ताई आणि आत्या दोघी खिदळत होत्या.

“ब्रेक लावला की हॉर्न?” धाकटा म्हणाला.

“हो.”

“मग मघाशी हॉर्न...”

“ब्रेक होता.”

धाकटा फाटकाला टेकला आणि म्हणाला, “तो डाव्या इंडिकेटरचा काटा तू नीट कसा केलास? माझ्याकडे होती तेव्हाही तो नाचायचा. मला काही सापडलं नाही.”

“मग ताईने कसा पास केला तुला?”

“मी तपासणीला उजवाच इंडिकेटर लावून दाखवला. आणि वर्षभर डावीकडे वळलो नाही. कोणी शेजारी असलं की दिसेल म्हणून.”

“मग घरी कसा यायचास? तुझं घर तर डाव्या हाताला आहे.”

“तीनदा उजवीकडे वळायचो.”

डॉक्टरांना हसू आवरेना. धाकटाही हसायला लागला. दोघं इतके हसले की बायको बघायला बाहेर आली. लांब कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

“वळणावर पोचली,” डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

थोड्या वेळाने आणखी लांबून एक हॉर्न आला.

“दवाखान्यासमोरचा गतिरोधक,” धाकटा म्हणाला. “आता फिरून परत येईल. मग आपल्या दोघांचं काही खरं नाही.”

दोघं कान देऊन उभे राहिले. खूप पलीकडे, जिथून मोठा रस्ता सुरू होतो तिथून, एकदाच, अगदी बारीक हॉर्न ऐकू आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

“बंद पडली की काय?” धाकट्याने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. “नाही रे. ब्रेकच लावत नाहीये.”

“अहो,” बायकोने मागून विचारलं, “चहा झालाय. ताईंचाही ओतू का?”

डॉक्टर आणि धाकटा दोघांनी मोकळ्या रस्त्याकडे बघितलं.

“नको,” दोघं एकदमच म्हणाले. “गार होईल.”